शंभरपैकी

वरच्या खोलीत भाड्यानं राहणारी यागोदा
शनिवारी खाली आली, ओले बूट दाराशी उलटे ठेवून,
आणि म्हणाली, "लेओकाडियाबाई, तुम्हाला गुण द्यायचेत.
कॉलेजचं काम आहे. शंभरपैकी."
साखरेच्या डब्याला टेकवून तिनं फोन उभा केला.

मांस किती वेळा?
रविवारी. तेही हाडंच. सोमवारी त्या हाडांचं पाणी,
मंगळवारी त्या पाण्यात बीट.
पोरीनं पटकन गुण टाकले.
मी म्हटलं, पेन्शन पंचवीस तारखेला येते, बाई,
यात तत्त्व वगैरे काही नाही.
"कारण विचारत नाहीत यात," ती म्हणाली.

विमान? एकदाही नाही.
गाडी? नवऱ्याची होती. त्याच्याबरोबर गेली,
म्हणजे विकली, दफनाचा खर्च निघाला.
नवे कपडे?
इथं मी हसले.
एकोणतीस वर्षं सूतगिरणीत उभी होते मी,
वूचचं कापड कुठल्या कुठल्या बंदरांत उतरायचं,
आणि माझ्या अंगातला हा स्वेटर
तिसऱ्यांदा विणलेला.
आधी झेनोनचा, मग मुलाचा, आता माझा.
दर वेळी बाह्यांपासून उसवायचा,
लोकर किटलीच्या वाफेवर धरायची,
आधीचं अंग विसरायला लावायचं तिला.
विसरते, पण पुरती नाही.
डाव्या कोपराशी अजून झेनोन आहे.

अंघोळीचं पाणी?
त्याच पाण्यात मोजे, मग जिना.
बरण्या?
शेजारीण रिकाम्या देते, मी काकड्या घालून परत करते,
ती पुन्हा रिकाम्या देते.
आकडा चढत गेला. एक्याण्णव.
मी खुर्चीत जरा ताठ बसले.
जन्मात कुणी एक्याण्णव दिले नव्हते मला,
भूगोलात तर नाहीच.

मग तिची नजर कोपऱ्यात गेली.
हिरव्या फरशांची भट्टी, छताला भिडलेली,
पायाशी बादली.
"आणि घर… कशानं गरम करता?"

अंगठा फोनवर अधांतरी राहिला.
तिला दिसत होतं. मलाही माहीत होतं.
खिडकीत बर्फ पडतं ते पांढरंच,
तीन तासांत दुधात राख सांडावी तसं होतं.
भिंतीपलीकडे ग्राझिनाचं पोर रात्रभर खोकतं
आणि मी कूस बदलत
माझी बादली आठवते.
गॅससाठी अर्ज दिलाय. अनुदान आहे ना,
पण पैसे आधी आपण भरायचे, मग ते परत करणार.
आधी म्हणजे माझी सात महिन्यांची पेन्शन,
त्यात जेवायचं नाही.

छप्पन्न, फोन म्हणाला.
यागोदाचे कान लाल झाले.
"मी भट्टी लिहीतच नाही, कुणाला कळणार आहे?"
"लिही," मी म्हटलं. "खोकला काय खोटा आहे?"

तिनं लिहिलं.
मग जायच्या ऐवजी बाह्या वर सारल्या.
कपाटातला निळा स्वेटर, कुणालाच न होणारा,
या वेळी उसवला नाही, कात्रीनं कापला.
सुरीच्या मुठीनं त्याच्या पट्ट्या
आम्ही खिडकीच्या फटींत ठोसत गेलो,
ती स्टुलावर, मी खाली, तोंडात सुतळी.
दाराला जुनं ब्लँकेट. किल्लीच्या भोकालाही लोकर.
वारा कुठून यायचा ते तिला माझ्याआधी सापडायचं,
ओलं बोट धरून उभी राहायची, पोर.

रात्री भट्टी पेटवली.
बादली नेहमीसारखी काठोकाठ आणली होती,
सकाळी तळाशी चार ढेकळं शिल्लक.
वर्तमानपत्रावर मांडून मी ती मोजली,
पुन्हा मोजली.
मग खिडकीबाहेर हात काढून
कठड्यावरून बोट फिरवलं.

काळंच निघालं.
जरा फिकं असावं, असं वाटलं.
चष्मा नव्हता डोळ्यांवर.